एक दाबा, रुख्माबाई

बालाघाट
२१ जून २००९

बाबू धम्मपाल,

जय भीम. मी सांगून राह्यली आन् राखी लिहून राह्यली. राखी म्हणजे शेजारच्या घनश्यामची नवी बायको. तू लग्नाले आला नाही म्हणून सांगते. गोंदियाची पोरगी आहे, तिले मराठी लिहिता येते. इथले पोट्टे तं आता शिव्याही हिंदीत देतात.

फोन आहे तं चिठ्ठी काहून, असं म्हणशीन. फोनवर तू 'हं, हं' करते आन् मांगून कंपूटरची टकटक आयकू येते. चिठ्ठी वाचताना माणसाले टकटक करता येत नाही.

तू पाठवलेला मोबाईल भेटला. रोज सकाळी एका बाईचा फोन येते. 'नमस्कार रुख्माबाई. आपण कुशल असाल तर एक दाबा.' मी म्हणलं, बाई, कुशल तं आहे, पण गुडघा... तिचं आपलं, एक दाबा. मी म्हणलं, तू कोणाची, कुठची, जेवली काय? एक दाबा. माई सासू रोज रात्री पाय दाबून घे, पण तीही अधूनमधून 'बस' म्हणे.

मांगच्या थंडीत मी मोरीत पडली तवापासून तुया एकच धोशा, पुण्याले चाल. मायबाप गेल्यावर मी तुले वाढवलं, आता तू मले सांभाळशीन, हे सगळं बरोबर आहे. पण सातव्या माळ्यावर? मी काय वाळत घालायची मिरची आहे? मंग तू हा सौदा केला. रोज सकाळी एक दाबल्या गेलं पाहिजे. तीन घंट्या जाऊन दाबल्या नाही गेलं, तं तुया दिवा लाल होईन, विहारातल्या खेमराजभाऊच्या फोनात बोंब होईन, आन् तू येऊन मले घेऊन जाशीन. दिवा लाल झाला नाही, तं मी आपल्या घरी राहीन. मी हौ म्हणलं. म्हणलं तं पाळीन.

पण तू तिथं काय काम करते, ते एकदा नीट लिहून पाठव. गल्लीतल्या बाया विचारतात. मी म्हणते, कंपूटरात आहे. त्या म्हणतात, आत बसून काय करते?

तुयी आजी
रुख्माबाई (अंगठा)


पुणे
५ जुलै २००९

प्रिय आजी,

जय भीम. तुझं पत्र वाचताना खरंच टकटक केली नाही.

माझं काम सांगतो, राखीवहिनींना दोनदा वाचायला सांग. आमच्याकडे लहान लहान प्रोग्राम चालतात. एक बसचं तिकीट काढतो, एक पैसे घेतो, एक लोकांना मेसेज पाठवतो. त्यांना आम्ही सेवा म्हणतो. त्या ज्या मशिनींवर चालतात त्या आमच्या नाहीत. भाड्याच्या आहेत, कुठं ठेवल्यात ते आम्हीही पाहिलेलं नाही. याला क्लाउड म्हणतात, सध्या सगळीकडे याचीच चर्चा आहे. पूर्वी एकेक सेवा माणूस बसून चालू करायचा. आता मी एकदाच लिहून ठेवतो, अमुक सेवा, इतके नग, आधी ही मग ती. मशिनी आपोआप सगळं मांडून घेतात. वर एक सुपरवायझर नेमलेला असतो. तोही प्रोग्रामच. तो प्रत्येकीला सारखं विचारतो, 'जिवंत आहेस का?' ती 'हो' म्हणाली की माझ्या पडद्यावर हिरवा दिवा. गप्प राहिली तर तो तिला मारतो आणि तिच्या जागी नवीन उभी करतो. माणूस लागतच नाही.

तुझा फोन मी त्याच पद्धतीनं लावलाय. माझ्या पडद्यावर तिकीट, पैसे, मेसेज आणि त्याखाली 'रुख्माबाई'. सगळे हिरवे. आमच्या मॅनेजर देवश्री मॅडमना हे फार आवडलं.

त्या बाईचा आवाज तुला आवडत नाही असं दिसतं. त्याचं मी काहीतरी करतो. गुडघ्याला तेल लाव.

तुझा
धम्मपाल


बालाघाट
२६ जुलै २००९

बाबू धम्मपाल,

जय भीम. तुयं काम समजलं. राखीनं दोनदा वाचलं, मले एकदाच लागलं.

असा सुपरवायझर मी पाह्यला आहे. बैहरकडं तेंदूपत्ता तोडायले जात होतो, तवा पत्ता मोजायच्या फडीवर एक मुन्शी राहे. सालाच्या झाडाच्या सावलीत बाजेवर पडल्या पडल्या आवाज दे, 'चालू है ना?' आमी म्हणो, 'हौ साहेब.' तो कूस बदले. तुया इथं फक्त बाज कमी आहे. आन् गप्प राह्यली तं मारून नवीन उभी करते म्हणतं. मी गप्प राह्यली तं कोणाले उभी करशीन रे? दुकान पाहून ठेवलं काय?

पण एक गोष्ट चांगली केली. ती बाई गेली आन् तुयाच आवाजात फोन येऊन राह्यला. 'आजी, मी धम्मपाल. कशी आहेस?' मले लय बरं वाटलं. सोमवारी मी म्हणलं, गुडघा दुखते. तू म्हणला, 'बरं बरं. काळजी घे. एक दाब.' मंगळवारी म्हणलं, घरात साप निघाला. तू म्हणला, 'बरं बरं. काळजी घे.' बुधवारी म्हणलं, पुढच्या हप्त्यात मी नथ्थू दूधवाल्यासंग लग्न करून राह्यली. त्यावरही, 'बरं बरं.' नथ्थूले अजून सांगितलं नाही, उगाच बिना पाण्याचं दूध देईन. काल म्हणलं, बेटा, मी मेली. तू म्हणला, 'काळजी घे. एक दाब.'

किती धीराचा झाला रे पुण्यात! लहानपणी तं कोंबडी मेली तरी दोन दिवस जेवत नव्हता.

इकडं विहारात वर्षावास सुरू झाला. रोज संध्याकाळी खेमराजभाऊ ग्रंथ वाचतात. त्यायचं वाचन तुले माहीत आहे. छापलेलं एक अक्षर सोडत नाहीत. पान संपलं का पान नंबरही वाचतात. परवा छापखान्याचा पत्ता वाचला आन् मांगच्या बाया 'साधू, साधू, साधू' म्हणल्या. मी मंधात टोकते म्हणून गाडी सरळ चालते. नाहीतं ते ग्रंथाची किंमत सांगूनच थांबतीन.

तुयी आजी
रुख्माबाई (अंगठा)


पुणे
९ ऑगस्ट २००९

प्रिय आजी,

जय भीम. तो मी नव्हतो. म्हणजे आवाज माझाच, पण टेप केलेला. तुला ते पहिल्याच दिवशी कळलं असणार आणि तू मला चिठ्ठीभर लोळवलंस. राखीवहिनींसमोर तरी नको.

रोज त्या वेळी मी ऑफिसच्या गाडीत असतो गं. पोचल्यावर पहिलं काम तुझा दिवा बघणं. हिरवा दिसला की बाकीचं सुचतं.

पण एक गोष्ट रागानं नाही, काळजीनं लिहितो. मागच्या आठवड्यात तू दोनदा तिसऱ्या घंटीपर्यंत नेलंस. आणखी थोडा उशीर झाला असता तर दिवा लाल झाला असता. मग मी काही ऐकणार नाही. खोली बघून ठेवली आहे, तुझ्यासाठी खिडकीकडची. आपला करार लक्षात असू दे.

साप खरा होता का?

तुझा
धम्मपाल


बालाघाट
२३ ऑगस्ट २००९

बाबू धम्मपाल,

जय भीम. साप खरा होता. गेला. त्याले कोणी एक दाबायले सांगितलं असन.

आता तुले तक्रारीले जागा राहणार नाही. मी सुधारली. तुया फोन वाजला का पहिल्याच घंटीले एक दाबल्या जाते. मोबाईल कधी उशाखाली, कधी पदरात, इकडचा तिकडं होऊ देत नाही. तुया दिवा हिरवागार राहीन, धानाच्या बांधीसारखा. तू बेफिकीर राय. खिडकीकडच्या खोलीत बायको आणून ठेव, खिडकी वाया जाणार नाही.

राखीले आठवा लागला. ती परवा माहेरी गोंदियाले चालली, पहिलं बाळंतपण. आता चिठ्ठ्या खेमराजभाऊ लिहितीन. ग्रंथ वाचतात, तं लिहितीनही.

लिहिता लिहिता ही राखी हसून राह्यली. काहून हसते विचारलं, तं म्हणते, काही नाही आजी, तुमी सांगा. या दिवसांत पोरींचं असंच होते.

तुयी आजी
रुख्माबाई (अंगठा)


पुणे
३० ऑगस्ट २००९

प्रिय आजी,

जय भीम आणि शाब्बास! रोज पहिली घंटी, एकदाही चूक नाही. माझ्या पडद्यावर इतकी नियमित सेवा दुसरी नाही. देवश्री मॅडमना दाखवलं तर म्हणाल्या, बाकीच्यांना हिच्याकडे शिकायला पाठवा. मला आमच्या गटाचा प्रमुख करायचं चाललंय. सगळे दिवे हिरवे असतात, मी काही करतही नाही आणि लोक मला हुशार म्हणतात.

गडबडीत या महिन्यात तुझा आवाज ऐकायचा राहूनच गेला. पण खरं सांगू, तुझा दिवा बघितला की तुझ्याशी बोलल्यासारखंच वाटतं.

तुझा
धम्मपाल


दवाखाना, बायांचा वॉर्ड, बालाघाट
७ सप्टेंबर २००९

चिरंजीव धम्मपाल यास जय भीम. लिहिणार खेमराज, सांगणार रुख्माबाई. जसं सांगतील तसं लिहितो. माझा एक शब्द नाही.

बाबू, मी घरी आहे आन् ठणठणीत आहे. खेमराजभाऊ, वर दवाखाना काहून लिहिलं तुमी? खोडा ते. राहू द्या, खोडलं तं अजून संशय येईन. लिहा, इकडं पाऊसपाणी चांगलं आहे. जरा तिकडं सरका, सलाईनची नळी ओढल्या जाते. नळीचं लिहायचं नाही. आन् मलेरियाचं तं नावच काढू नका, तो उद्याच गाडीत बसन आन् मले उचलून नेईन. काय लिहून राह्यले एवढं? मी तं अजून काही सांगितलंच नाही.

लिहा, मी रोज न चुकता एक दाबते. मोबाईल राखीसंग गोंदियाले गेला आन् तीच तिथून दाबते, हे त्याले कळू द्यायचं नाही भाऊ, तुमच्या पोटात ठेवा. तिले मीच म्हणलं, बाई, घेऊन जा ही ब्याद. त्याच्या टेपाले रोज उत्तर द्यायले मी काय रिकामी बसली? माणूस असता तं दिलं असतं. हे तुमाले सांगून राह्यली, त्याले नाही.

दरवाजा तोडला ते बरं केलं, पण नीटही करून द्या. मी दोन दिवस तशीच पडून होती, तोंडातून आवाज निघे ना. पाणी हातभर दूर होतं. तुमाले कसं कळलं? काय म्हणता? वाचनात कोणी टोकलं नाही? पान नंबर वाचला, किंमत वाचली, छापखाना वाचला, तरी सगळं शांत, म्हणून भेव वाटलं? घ्या. आन् तुमी मले म्हणे, बाई, मंधात बोलू नका.

आता खाली लिहा, सगळं ठीक आहे, काळजी नसावी. आन् मले एकदा वाचून दाखवा, तुमचा भरोसा नाही. वाचा. अरे देवा, थांबवा, लिहिणं थांबवा पहिले.

(अंगठा) रुख्माबाई
पान दोन समाप्त.


पुणे
१४ सप्टेंबर २००९

आजी,

खेमराजकाकांचं पत्र मिळालं. पूर्ण मिळालं.

काकांना फोन केला. तू घरी आलीस, ताप उतरला, हे कळलं. म्हणून आता रागावू शकतो. तू हातभर अंतरावरच्या पाण्यासाठी तडफडत होतीस आणि इकडे माझ्या पडद्यावर हिरवा दिवा. पहिल्या घंटीला. गोंदियाहून. मी तो दिवा बघून चहा प्यायला जात होतो.

आणखी एक सांगतो, मग तुला हसायचं तर हस. त्याच आठवड्यात आमची तिकिटाची सेवा बंद पडली. बंद पडली आणि कुणाला कळलंच नाही. सुपरवायझर विचारायचा, 'जिवंत आहेस का?' ती म्हणायची, 'हो.' तेवढंच म्हणता येत होतं तिला. तिकीट एक निघत नव्हतं. लोक पैसे भरून, सामान घेऊन स्टँडवर उभे, आणि गाडीत त्यांचं नाव नाही. देवश्री मॅडमनी सगळ्यांसमोर विचारलं, 'हो म्हणते एवढ्यावर तू जिवंत धरलीस?' प्रमुखपद गेलं. संध्याकाळी खोलीवर आलो तर दाराखाली काकांचं पत्र पडलेलं.

आता बास. तू करार मोडलास. दसऱ्याला दीक्षाभूमीवर येतो, तिथून गोंदिया, आणि राजेगावच्या रस्त्यानं बालाघाट. तुला न्यायला येतोय. सामान बांधून ठेव.

धम्मपाल


बालाघाट
१९ सप्टेंबर २००९

बाबू धम्मपाल,

जय भीम. खेमराजभाऊले दम दिला आहे, जे सांगीन तेवढंच लिहायचं. ते म्हणतात, मांगच्या टाइमालेही तेच केलं.

सौदा मोडला म्हणतं? सौदा मी पाठ केला आहे, मले कागद लागत नाही. दिवा लाल झाला तं पुण्याले, नाही झाला तं बालाघाटले. झाला काय लाल? एक दिवस तरी? तुया मॅडमले विचार. मी दाबावं का राखीनं, हे तू बोललाच नाही. सौदा तुया, मशीन तुयी, दिवा तुया. हरला तं आता म्हणतं, सामान बांध.

मी लबाडी केली. हौ, केली. पण आपल्या जागी दुसऱ्याले उभं करायचं, हे पहिले कोण शिकलं? तू टेप उभा केला, तवा मी राखीले उभी केली. रोज सकाळी तुया टेप आन् राखी बोलत. तू नव्हता तिथं, मीही नव्हती. दोघायचं मस्त जमलं होतं, कधी भांडण नाही. आन् तू लिहितं, बोलल्यासारखं वाटते.

तुया नोकरीचं आयकून मी हसली नाही. खेमराजभाऊ साक्षीले आहेत. थोडी हसली.

आता आयक. पाण्याचा लोटा दूर होता तवा मले पुण्याची आठवण आली होती, खोटं नाही सांगत. वाटलं, गेली असती तं पोरगं जवळ असतं. मंग मनात म्हणलं, कुठलं जवळ? तू गाडीत. खाली दरवाज्यावर चपराशी, तो मले वळखत नाही. सातव्या माळ्यावर मी गप्प राह्यली तं लोकायले वाटन, म्हातारी शहाणी आहे, त्रास देत नाही. इथं मी दोन संध्याकाळी तोंड उघडलं नाही, तं दरवाजा तुटला.

तू ये. दसऱ्याले ये, पोटभर राय. पण सामान मी बांधणार नाही. वर्षावास संपेतवर खेमराजभाऊले एकटं सोडता येत नाही. ग्रंथ थोडाच राह्यला, पण पान नंबर अजून लय आहेत. हे त्यायनं लिहिलं काय? लिहिलं.

तुयी आजी
रुख्माबाई (अंगठा)


पुणे
६ ऑक्टोबर २००९

आजी,

जय भीम. पोचलो. तू दिलेला चिवडा गाडीतच संपला, अर्धा खालच्या बर्थवरच्या काकूनं खाल्ला.

सामान बांधायले आलतो आन् दरवाजा बसवून परत आलो. कडी आतून लावत जा, पण खेमराजकाकाले बाहेरून काढता येईन अशी बसवली आहे. ते मात्र विहारात सांगू नको.

त्या संध्याकाळी मी विहारात मांगं बसलो होतो. काका 'मूल्य रुपये साठ' म्हणाले आन् तू म्हणली, 'भाऊ, घेणाऱ्याले विचारू द्या.' सगळा विहार हसला. त्या टाइमालेच मी ठरवलं, पण तुले सांगायची हिंमत झाली नाही. म्हणून पत्रात लिहितो. खिडकीकडची खोली मी सोडून दिली. तू तिथंच राय.

पडद्यावरून तुयं नाव काढलं. मॅडमनं विचारलं, 'रुख्माबाई' कुठं गेली? मी म्हणलं, ती आपल्याच्यानं नाही चालवल्या जात. तिकिटाच्या सेवेले आता 'जिवंत आहेस का' विचारत नाही, रोज खरोखरचं तिकीट मागून पाहतो. प्रमुखपद काही परत भेटलं नाही.

रविवारी काकांच्या फोनवर फोन करीन. मी स्वतः. सकाळचा टेप उद्या-परवा बंद करतो.

तुया
धम्मपाल


बालाघाट
१३ ऑक्टोबर २००९

बाबू धम्मपाल,

जय भीम. रविवारी तुया फोन आला. मी आवाज आयकला आन् पहिलेच म्हणलं, बेटा, मी मेली. तू म्हणला, 'मंग फोन कोणं उचलला?' तवा कळलं, टेप नाही, तूच आहे. मांगून टकटक नव्हती. एकदा आली. ती तू म्हणला, पंख्याची आहे. धरून चालते.

आता एक काम. टेप बंद करू नको.

राखीले पोरगी झाली. घनश्याम पाहून आला. पोरगी रातभर रडते, सकाळीही रडते. राखीची माय थोपटते, बाप झुलवते, आयकत नाही. मोबाईल अजून गोंदियालेच आहे. घंटी वाजते, राखी एका हातानं पोरीच्या कानापाशी धरते, तू म्हणतं, 'बरं बरं. काळजी घे.' आन् पोरगी गप्प. झोपून जाते. एक दिवस रेंज नव्हती, तं दुपारपर्यंत गल्ली जागी.

इतक्या दिवसांनी तुया टेपाले बराबर माणूस भेटलं. तिले गुडघा नाही, तिच्या घरात साप निघत नाही, कोणासंग लग्न करायचं नाही. तेवढ्या दोन बोलांत तिचं भागते. पडद्यावर माया जागी तिले बसव. दिवा हिरवा राहू दे.

ती बोलायले लागली का मात्र बंद कर.

तुयी आजी
रुख्माबाई (अंगठा)